हेल्प मेसेजमध्ये 'वापर' की 'उपयोग'? आणि नावाला 'चा' लावायचा का?

प्रश्न असा होता की कमांड लाइन प्रोग्रामचा (कमांड टाइप करून चालवायच्या प्रोग्रामचा) हेल्प मेसेज मराठीत करताना 'युसेज'ला, म्हणजे तो कसा चालवायचा ते दाखवणाऱ्या ओळीच्या मथळ्याला, काय म्हणायचं आणि 'अमुकचा वापर असा करा' हे वाक्य चालेल का.

पहिलं सोपंय, 'वापर'. 'उपयोग: टार' (टार म्हणजे फाइलींचा गठ्ठा बांधणारा प्रोग्राम) वाचलं की मला वाटतं आता टारचे फायदे सांगणार.

खरी गोची दुसऱ्यात आहे. प्रोग्रामचं नाव तुम्ही लिहीतच नाही, मेसेजमध्ये टक्का-एस (%s, नंतर भरायची रिकामी जागा) असतं आणि तिथे बहुतेक वेळा आर्गव्ही-शून्य येऊन बसतं, म्हणजे प्रोग्रामला ज्या नावाने हाक मारली ते. पाळण्यातलं नाव नव्हे! फाइलचं नाव बदला, दुसऱ्या नावाची लिंक करा, पूर्ण पाथ देऊन चालवा, तेच तिथे दिसणार (म्हणून बरेच जण शेवटच्या स्लॅशपुढचा तुकडाच घेतात, पायथन भाषेतलं कमांडचे पर्याय वाचणारं आर्गपार्सही सहसा तेच करतं). लॉगिन शेलला (लॉगिन केल्यावर आपल्या कमांड घेणारा प्रोग्राम, उदाहरणार्थ बॅश) तर नावाआधी डॅश लावून हाक मारतात, '-बॅश' अशी. बिझीबॉक्स हा बऱ्याच कमांड एकत्र भरलेला प्रोग्राम सगळ्यात मजेशीर, एकच फाइल पण 'एलएस' म्हणून बोलावलं तर एलएस, 'कॅट' म्हणून बोलावलं तर कॅट. उलट ग्नू या मुक्त सॉफ्टवेअर प्रकल्पाचे नियम सांगतात की व्हर्जन दाखवताना नाव ठरलेलंच छापा, आर्गव्ही-शून्यातून काढू नका. ते झालं कागदोपत्री नाव.

आता अशा नावाला विभक्ती कशी लावणार? 'टारचा', 'ग्रेपचा' ठीक आहे, परक्या शब्दांना आपण तसाच 'चा' चिकटवतो. पण उद्या कोणी लिंकचं नाव 'शोध' ठेवलं की 'शोधचा वापर' छापून येणार, आपण म्हणतो 'शोधाचा'. सामान्यरूप करायला प्रोग्रामला व्याकरण कुठे येतं? लिंगाचंही तेच, 'टक्का-एस सापडला नाही' की सापडली की सापडलं? तिथे 'ही कमांड' घाला म्हणजे क्रियापद कमांडच्या मागे जाईल, 'टक्का-एस ही कमांड सापडली नाही'.

युसेजच्या ओळीत तेवढंही नको, 'वापर: टक्का-एस [पर्याय] फाइल', नाव मोकळं. 'पर्याय' मात्र अनेकवचनातही 'पर्याय'च राहतो, तिथे काही करायला लागत नाही.