आल्प्सला निघताय? आधी बूट घ्या

भाऊ, जळगावच्या ४४ अंशांतून निघून स्वित्झर्लंडमधल्या युंगफ्राउयोख या बर्फाळ खिंडीत उतराल, तेव्हा तिथे शून्याच्या आसपास असेल. उंची ३४५४ मीटर. म्हणून एकच जाड स्वेटर नेऊ नका. आत घाम लवकर सुकवणारा बनियन, मध्ये फ्लीस (हलक्या, उबदार, मऊ कापडाचा थर), वर वारा-पाऊस अडवणारं जाकीट असे तीन थर ठेवा. जीन्स भिजली की दिवसभर सुकत नाही आणि थंडी तिथूनच शिरते.

सगळ्यात जास्त फसगत बुटांत होते. निघायच्या आठवड्यात घेतलेले नवे बूट तिसऱ्या दिवशी टाचेला फोड आणतात. दीड महिना आधी, अर्धा नंबर मोठे घ्या. सकाळी सातच्या आत रोज चार-पाच किलोमीटर चाला; रविवारी पाटणादेवी किंवा मनुदेवीचा चढ करा. गाइडेड टूर म्हणजे बसमध्ये बसून राहणं नव्हे.

बाकी थोडक्यात:
- शेंगेन व्हिसाचा (युरोपातल्या बहुतेक देशांसाठी चालणारा एकच व्हिसा) अर्ज सहा महिने आधीपासून करता येतो. मे महिन्याची वाट पाहू नका. पासपोर्ट परतीनंतर किमान तीन महिने वैध हवा, विमा ३०,००० युरोंचा.
- पेढे, तूप घरीच ठेवा, दुधाचे पदार्थ तिथे नेता येत नाहीत. शेंगदाण्याची चटणी चालते, डबा मात्र घट्ट.
- गॉगल आणि सनस्क्रीन. बर्फावरचं ऊन आपल्या उन्हासारखं चटकत नाही, म्हणूनच कातडी भाजतेय ते कळत नाही.

वर पोचल्यावर पळापळ नको. विरळ हवेत डोकं दुखतं. सावकाश चाला, पाणी प्या. दुखणं वाढलं तर लाजू नका, गाइडला सांगून खाली उतरा.