चिकाचं ॲसिड पाण्याच्या बाटलीत नको

प्रश्न : ताई, दोडामार्ग तालुक्यात आमची रबराची लहानशी बाग आहे. चीक गोठवायला फॉर्मिक ॲसिड लागतं. मोठ्या कॅनमधून तोंडाने नळी ओढून ते पाण्याच्या रिकाम्या बाटलीत भरतो आणि मांगरात, म्हणजे बागेतल्या खोपटात, ठेवतो. गेल्या आठवड्यात टॅपिंगच्या (झाडाला चीर देऊन चीक काढणाऱ्या) कामगाराच्या हातावर उडालं. टूथपेस्ट लावली, तरी दुसऱ्या दिवशी फोड आले. हे ॲसिड इतकं कडक असतं का? आणि मे महिन्यात कॅन फुगतो तो कशाने?
(एक वाचक, सिंधुदुर्ग)

उत्तर : आधी उठा, ती बाटली कुलुपात ठेवा, वर ठळक अक्षरांत ‘ॲसिड’ लिहा. उद्याच्या चिकाला तेच वापरून संपवा, मग बाटली धुऊन कापून टाका. बाकीचं त्यानंतर वाचा.

मी 31 वर्षं कॉलेजच्या रसायनशाळेत काढली. तिथे एका मदतनिसाने असंच ॲसिड सरबताच्या बाटलीत काढून ठेवलं होतं. दुसरा बाहेरून उन्हातून आला, पाणी समजून त्याने एक घोट घेतला. एकच घोट! जीव वाचला, पण अन्ननलिका आकसली ती आकसलीच. आज इतक्या वर्षांनी भेटला तरी भाकरीचा घास पाण्यासोबतच उतरवतो. तुमच्या मांगरात तर दुपारी तहानलेली माणसं येतात, पोरं खेळतात. हे ॲसिड दिसायला अगदी पाण्यासारखं असतं. वास झोंबतो खरा, पण घटाघटा पिणारा माणूस आधी वास घेत नाही. म्हणून ते मूळच्या कॅनमध्येच, लेबलासकट, कुलुपात राहू द्या. नळी तोंडाने ओढणं आजपासून बंद करा, प्लास्टिकचा हातपंप आणा.

लाल झाडमुंगी चावते तेव्हा जखमेवर हेच आम्ल सोडते. कॅनमधलं मात्र बहुधा 85 टक्के असतं. ते कातडी जाळतं, वाफ छातीत झोंबते, डोळ्यात गेलं तर नजर जाऊ शकते. मोठा भाजलेला भाग असेल तर कातडीतून रक्तातही उतरतं.

आता त्या कामगाराच्या हाताबद्दल. टूथपेस्टने ॲसिड कातडीवर कोंडून राहिलं. तूप, हळद, चुना, सोडा यांतलं काहीच लावायचं नाही. सोडा ॲसिडला मारतो हे खरं, पण मारताना उष्णता निघते आणि ती जखमेतच निघते. औषध एकच, वाहतं पाणी. मग्गाभर नव्हे, निदान 20 मिनिटं, घड्याळ लावून. भिजलेले कपडे पाणी ओततानाच उतरवा. डोळ्यात गेलं तर पापण्या बोटांनी उघड्या धरून तेवढंच धुवा आणि लगेच डॉक्टरांकडे न्या. पोटात गेलं तर उलटी करवू नका, वर येतानाही ते तितकंच जाळतं. चूळ भरायला लावा, 108 ला फोन करा, कॅनचं लेबल सोबत न्या. फोड आलेत म्हणता, तर तो हातही आजच दाखवून घ्या.

चिकाला एवढं कडक लागतही नाही. अर्ध्या टक्क्याचं पातळ द्रावण पुरतं, म्हणजे लिटरभर पाण्यात 85 टक्क्यांचं साधारण 5 मिलिलिटर. चिकातले रबराचे कण एकमेकांना दूर लोटत असतात. आम्ल पडलं की ते लोटणं संपतं आणि चीक दह्यासारखा बसतो. बादलीत आधी पाणी घ्या, त्यात ॲसिड सोडा, उलट कधीच नाही. जाड रबरी हातमोजे आणि चष्मा घालून, वारा पाठीवर घेऊन उघड्यावर करा. पाण्याची भरलेली बादली आणि मग्गा हाताशी हवाच.

कॅन फुगतो कारण फॉर्मिक ॲसिड पडून पडून हळूहळू फुटतं, त्यातून पाणी आणि कार्बन मोनॉक्साइड होतो. उन्हात हे जास्त होतं. या वायूला वास नाही, बंद खोलीत तो जीव घेतो. म्हणून हवा सोडणारं बूच असलेलाच कॅन घ्या, सावलीत, खिडकी असलेल्या जागी ठेवा. स्वस्त म्हणून काहीजण सल्फ्युरिक ॲसिड आणतात. त्याचं उरलंसुरलं या कॅनमध्ये ओतलंत तर तोच वायू भसाभस निघेल. फुगलेल्या कॅनचं बूच तोंड लांब ठेवून, उघड्यावर, अर्धा आटा फिरवून सोडा, सुस्कारा थांबला की मगच पूर्ण काढा.