वाचकांचे प्रश्न : खडकावरचे पट्टे

प्रश्न : समुद्रकाठच्या खडकांवर वर हिरवे, मध्ये तपकिरी, खाली तांबडे शैवाल, असे पुस्तकात आहे. ओख्याच्या किनाऱ्यावरील सहलीत ते तपासायचे कसे?
– एक विद्यार्थिनी, वडोदरा

उत्तर : रंगांच्या या क्रमावर फार विसंबू नका. लाल प्रकाश पाण्यात लवकर शोषला जातो हे खरे, आणि खोलवर उरणारा निळा-हिरवा प्रकाश तांबड्या शैवालांना वापरता येतो म्हणून ती खाली, असा यामागचा तर्क. पण तांबडी शैवाले वरच्या खडकांवरही सापडतात. बहामाजवळ २६८ मीटर खोलीवर खडकाला चिकटलेले तांबडे शैवाल मिळाले आहे, त्याचे श्रेय मात्र केवळ रंगाला देता येत नाही. पट्ट्याची वरची सीमा बहुधा ऊन आणि कोरडेपणा ठरवतात, खालची जागेची चढाओढ आणि भक्षक. म्हणून कवच मिटून कोरडेपणा सोसणारे बार्नॅकल (खडकाला चिकटून राहणारे छोटे प्राणी) उंचावर तग धरतात. अंधाऱ्या कपारींत स्पंज वाढतात, त्यांना प्रकाश लागत नाही.

अमावास्या-पौर्णिमेनंतरच्या एक-दोन दिवसांतली ओहोटी निवडा. पाणी सर्वांत खाली जाण्याच्या दोन तास आधी पोहोचा आणि ओसरत्या पाण्यामागे उतरत जा. दोरी ताणून दर दोन मीटरवर ५० सेंमीची चौकोनी चौकट ठेवा आणि तिच्या आत काय आहे ते नोंदवा. नेहमीची चूक म्हणजे दोरीची लांबी हीच उंची धरणे. उतार बदलला की पट्टे खोटे दिसतात. पाणी भरलेल्या पारदर्शक नळीने उभी उंचीच मोजा. डबकी वेगळी नोंदवा, तिथे खडक सुकत नाही. उलटलेला दगड होता तसाच परत ठेवा.