वाट दिली आणि कोण पडलं तर?

प्रश्न: वकील ताई, नमस्कार. रत्नागिरी जिल्ह्यात सड्यावर, म्हणजे कातळाच्या पठारावर, आमची हापूसची बाग आहे. खाली एका वीज कंपनीचा तलाव आहे आणि त्यांची हाय टेन्शन लाइन आमच्याच जागेवरून जाते. आता ते तलाव लोकांना फिरायला, गळ टाकायला खुला करतायत आणि वाट आमच्या कातळावरून मागतायत, फुकट. अमेरिकेतला पुतण्या म्हणतो खुशाल दे, तिकडे जागामालकावर केस होत नाही. आमच्या हद्दीत जुनी चिरेखाण, म्हणजे जांभा दगड काढलेली खाण, आहे, गुरं राखणारी पोरं रोज तिथून जातात. सही करू का?

उत्तर: दादा, आत्ता नका करू. पुतण्या खरं बोलतोय पण ते तिकडचं आहे. मिशिगनने १९५३ साली तसा कायदा केला, १९६५ ला सगळ्या राज्यांसाठी नमुना मसुदा आला आणि आज ५० च्या ५० राज्यांत असे कायदे आहेत. फुकट फिरायला जागा दिली तर साध्या हलगर्जीपणासाठी मालक सहसा अडकत नाही, पण धोका माहीत असून मुद्दाम दडवला किंवा तिकीट लावलं की ते कवच बहुतेक ठिकाणी जातं. आपल्याकडे असा कायदाच नाही. नुसता 'स्वतःच्या जबाबदारीवर' असा बोर्ड लावून तुम्ही सुटत नाही.

आपल्याकडे आहे १८८२ चा सुविधाधिकार कायदा, म्हणजे दुसऱ्याची जागा वापरायच्या हक्काचा आणि परवानगीचा कायदा. त्याचा सेक्शन ५७ सांगतो की परवानगी देणाऱ्याला जो धोका माहितीय आणि घेणाऱ्याला माहीत नाही, तो त्याला सांगितलाच पाहिजे. म्हणजे तुमची चिरेखाण. गेल्या पावसात एका अशिलाची अशीच खाण बघायला गेले होते, सड्यावर गुडघाभर गवत, त्यात तेरडा फुललेला, आणि गवत संपतं तिथेच सुरीने कापल्यासारखी कड, खाली लाल पाणी, तळ दिसतच नाही. कडेच्या शेवाळावर माझी चप्पल सरकली, त्यांनी हात धरला म्हणून वाचले. मुंबईहून आलेल्या पोराला ते डबकंच वाटणार ना! तेव्हा खाण कुठे आहे, किती खोल आहे ते नकाशावर दाखवून कंपनीला लेखी द्या आणि पोच घ्या.

लाइनचं म्हणाल तर टॉवर उभा राहिला म्हणून जमीन कंपनीची होत नाही, त्यांना फक्त वापराचा हक्क मिळतो, म्हणून तर ते तुमची सही मागतायत. वायर तुटून कोणाला शॉक लागला तर जबाबदारी वीजवाल्यांची, मध्य प्रदेशच्या वीज मंडळाच्या केसमध्ये २००२ ला सुप्रीम कोर्टाने तेच म्हटलं, हलगर्जीपणा सिद्ध करायची पण गरज नाही. तरी लांब गळकाठ्या खांद्यावर घेऊन माणसं वायरखालून जाणार असतील तर वाट तिथून नकोच, बाजूने वळवून मागा.

आणि कंपनी म्हणेल आम्ही छान जांभ्याच्या पायऱ्या बांधून देतो, तिथे सांभाळा. सेक्शन ६० प्रमाणे परवानगी घेणाऱ्याने तिच्या भरवशावर खर्च करून पक्कं बांधकाम केलं तर ती परवानगी मागे घेता येत नाही, म्हणून पक्कं काही बांधणार नाही हे लिहून घ्याच. परवानगी मात्र लेखीच द्या, तोंडी नको, कारण लोक २० वर्षं हक्काने वापरत आले की वहिवाटीचा वाद उभा राहतो, परवानगीने वापरलं तर तो हक्क लागत नाही.

त्याच कागदात कोणी दावा लावला तर भरपाई आणि वकिलाचा खर्च कंपनी देईल, विमा ती काढेल आणि त्यात तुमचं नाव असेल, हे पण आलं पाहिजे. यातलं काही नाही म्हणाले तर वाट देऊ नका, फुकट द्यायची आणि वर घोर पण आपणच लावून घ्यायचा हे मला पटत नाही.

खाणीभोवती गडगा, म्हणजे दगडी कुंपण, मात्र पावसाच्या आधीच घाला, सही होवो न होवो. तुमच्या वाडीतली पोरं आजही तिथूनच जातायत.