लहान मुलांच्या प्रतिकारशक्तीच्या आजारांवर संशोधन करायचंय, तर अमेरिकन बोर्डाचं सर्टिफिकेट हवंच का?

तुम्ही इंटर्नशिप करताय, पेडिअ‍ॅट्रिक्स घ्यायचं ठरलंय आणि जन्मतःच प्रतिकारशक्ती अपुरी असलेल्या मुलांवर संशोधन करायची इच्छा आहे. अमेरिकन बोर्डाचं सर्टिफिकेट नसेल तर या क्षेत्रात कोणी उभं करत नाही, असं सीनियर सांगतात. हे खरं का, एवढंच तुम्ही विचारलंय. मी बालरोगतज्ज्ञ आहे. अमेरिकेत अ‍ॅलर्जी-इम्युनॉलॉजीची फेलोशिप करून बोर्ड दिलं आणि आता महाराष्ट्रात प्रॅक्टिस करते. माझं उत्तर: अमेरिकेत राहून पेशंट बघायचे असतील तर सर्टिफिकेट हवंच. संशोधक व्हायला ते पुरत नाही आणि भारतात काम करायचं असेल तर ते लागतही नाही.

यात तीन वेगळ्या गोष्टींची गल्लत होते. लायसन्स देतं तिथलं राज्य. त्याशिवाय औषध लिहिता येत नाही. बोर्ड सर्टिफिकेशन, म्हणजे परीक्षा घेऊन दिलेलं त्या विषयातल्या तज्ज्ञाचं प्रमाणपत्र, कायद्याने ऐच्छिक आहे, पण बहुतेक हॉस्पिटलं आणि विमा कंपन्या ते मागतात, त्यामुळे व्यवहारात सक्तीचंच. आणि संशोधन ही तिसरीच गोष्ट, तिला कुठलीही परीक्षा नाही. तिथलं बालरोगाचं बोर्ड 1933 मधलं. अ‍ॅलर्जी आणि इम्युनॉलॉजीचं बोर्ड 1971 मध्ये आलं, मेडिसिन आणि बालरोग या दोन बोर्डांचं मिळून. म्हणून बालरोगाची तीन वर्षांची रेसिडेन्सी आणि वर किमान दोन वर्षांची फेलोशिप केल्यावर परीक्षेला बसता येतं. त्या दोन वर्षांतला मोठा भाग दमा, शेंगदाण्याची-दुधाची अ‍ॅलर्जी, एक्झिमा यांतच जातो. प्रतिकारशक्तीच्या जन्मजात आजारांची मुलं किती दिसतील हे तुम्ही कुठल्या सेंटरला आहात त्यावर ठरतं. संशोधन करणारे पुढे आणखी दोन-तीन वर्षं लॅबमध्ये काढतात, ती सर्टिफिकेटवर कुठेही दिसत नाहीत.

आता या विषयाचा इतिहास बघा. 1952 मध्ये ऑग्डेन ब्रूटन या लष्करी डॉक्टरांनी वॉल्टर रीड हॉस्पिटलमधल्या आठ वर्षांच्या एका मुलाबद्दल लिहिलं. चार वर्षांत त्याला 19 वेळा रक्तात जंतुसंसर्ग झाला होता. तेव्हा नवीन असलेल्या इलेक्ट्रोफोरेसिसने (विजेच्या प्रवाहाने प्रथिनं वेगळी करायची पद्धत) त्याच्या रक्तातली प्रथिनं तपासली, तर गॅमा ग्लोब्युलिनचा, म्हणजे अँटीबॉडी असतात त्या प्रथिनांचा, पट्टाच नव्हता. ब्रूटननी दर महिन्याला बाहेरून गॅमा ग्लोब्युलिन टोचायला सुरुवात केली आणि संसर्ग थांबले. इम्युनॉलॉजीचं बोर्ड यायला अजून 19 वर्षं होती, आणि त्या आजाराचा जीन सापडला 1993 मध्ये.

पण तुमच्यासारख्यांनी खरं तर ड्यूक विद्यापीठाच्या रेबेका बकली यांचं काम नीट वाचावं. 1958 मध्ये एमडी झाल्या, बालरोगाची रेसिडेन्सी ड्यूकमध्ये केली आणि पुढचं सगळं आयुष्य तिथेच काम केलं. 1972 मध्ये त्यांनी दोन मुलग्यांबद्दल लिहिलं: अंगावर वारंवार गळवं, फुप्फुसात संसर्ग आणि रक्तात आयजीई प्रचंड वाढलेलं. आयजीई हे अँटीबॉडीचं नावच तेव्हा जेमतेम चार वर्षांचं होतं. पेशंट समोर असताना, नुकतीच हाती आलेली टेस्ट त्याच्यावर लावायचं सुचणं, ही या क्षेत्रातली खरी कमाई. त्या आजाराच्या मुख्य प्रकारामागचा स्टॅट-3 जीन 2007 मध्ये सापडला. मधली 35 वर्षं कोणीतरी हेच पेशंट बघत होतं, नोंदी ठेवत होतं.

त्यांचं मोठं काम स्किडचं, म्हणजे संसर्गाशी लढणाऱ्या टी-पेशीच नसलेल्या बाळांचं. ही बाळं उपचाराविना सहसा पहिला-दुसरा वाढदिवस बघत नाहीत. 1968 मध्ये रॉबर्ट गुड यांच्या टीमने जुळणाऱ्या बहिणीची अस्थिमज्जा देऊन एक बाळ वाचवलं होतं, पण बहुतेक बाळांना जुळणारं भावंड नसतंच. बकलींनी 1982 पासून आई किंवा वडिलांची अर्धीच जुळणारी अस्थिमज्जा वापरली. त्यातल्या दात्याच्या टी-पेशी आधी काढून टाकायच्या, नाहीतर त्याच बाळावर उलटतात. त्यासाठी सोयाबीनमधलं एक प्रथिन आणि मेंढीच्या लाल पेशी वापरत, त्यांना चिकटलेल्या पेशी बाजूला काढत. केमोथेरपी न देता हे करत. 1999 मध्ये त्यांनी सलग 89 बाळांचा साडेसोळा वर्षांचा हिशोब मांडला: 72 जिवंत. आणि जन्मानंतर पहिल्या साडेतीन महिन्यांत ज्यांचं ट्रान्सप्लांट झालं त्या 22 पैकी 21 जिवंत. अनेकांच्या अँटीबॉडी बनवणाऱ्या बी-पेशी नीट काम करत नव्हत्या, त्यांना बाहेरून इम्युनोग्लोब्युलिन (अँटीबॉडी) देणं चालूच ठेवावं लागलं, हेही त्यांनी लपवलं नाही.

साडेतीन महिन्यांचा तो आकडा मला आजही हलवतो. कारण पहिल्या महिन्यात बाळ वरून ठणठणीत असतं. आईकडून आलेल्या अँटीबॉडी असतात, वजन वाढत असतं. आजार दिसायला लागेपर्यंत उशीर झालेला असतो. म्हणजे ट्रान्सप्लांट कितीही चांगलं केलं तरी बाळ आधी सापडायला हवं. यातूनच नवजात बाळांच्या तपासणीची मागणी जोर धरू लागली. जेनिफर पक यांच्या गटाने 2005 मध्ये टाचेच्या रक्ताच्या वाळलेल्या ठिपक्यातून नव्या टी-पेशींची खूण असलेला डीएनएचा तुकडा मोजून दाखवला. 2008 मध्ये विस्कॉन्सिनने सुरुवात केली, 2010 मध्ये ही तपासणी राष्ट्रीय शिफारशीत आली आणि 2018 च्या अखेरीस सगळी राज्यं आली. 2014 मध्ये 11 कार्यक्रमांतल्या 30 लाखांहून जास्त बाळांचा हिशोब आला, तेव्हा स्किडचं प्रमाण साधारण 58,000 बाळांत एक निघालं. आधी समजत होते त्यापेक्षा हे जास्त होतं. बरीच बाळं निदानाशिवायच जात होती.

आपल्याकडे अशी सार्वत्रिक तपासणी नाही. आणि आपण जन्मल्याबरोबर बीसीजी टोचतो, जी जिवंत लस आहे. टी-पेशी नसलेल्या बाळात ती अंगभर पसरू शकते. बीसीजीच्या बाजूच्या काखेत गाठ, टोचल्या जागी भरून न येणारी जखम आणि सोबत न हटणारा न्यूमोनिया किंवा जुलाब दिसले की थांबा आणि विचार करा.

तुम्ही उद्यापासून वॉर्डात करू शकाल अशी गोष्ट सांगते. तीन महिन्यांचं बाळ, न्यूमोनियासाठी दुसऱ्यांदा अ‍ॅडमिट. सीबीसीवर पांढऱ्या पेशी 6,000, त्यात लिम्फोसाइट (टी-पेशी यांतच येतात) 20 टक्के. लॅबने मोठ्यांची रेंज छापलेली असते, त्यात 20 टक्के नॉर्मल दिसतं आणि कागद फाइलला लागतो. गुणाकार करा: 1,200. या वयाच्या बाळात 3,000 च्या खाली गेलं की स्किडचा संशय घ्यायचा असतो. मग छातीचा एक्स-रे पुन्हा हातात घ्या आणि टी-पेशी जिथे तयार होतात त्या थायमस ग्रंथीची सावली आहे का बघा. आणि घरच्यांना विचारताना आईच्या माहेरचं विचारा. स्किडचा एक नेहमीचा प्रकार एक्स गुणसूत्रातून येतो, त्यामुळे आईचा एखादा भाऊ किंवा मावशीचा मुलगा तान्हेपणी ‘तापाने गेला’ असं आजीलाच माहीत असतं, फाइलमध्ये कुठेच नसतं. असं बाळ असेल तर पुढच्या लसी थांबवून ताबडतोब वरच्या सेंटरशी बोला. रक्त चढवावं लागलं तर ते इरॅडिएट केलेलंच, म्हणजे किरणांनी त्यातल्या दात्याच्या टी-पेशी निकामी केलेलंच हवं.

वरचं सेंटर म्हणजे कुठलं? मुंबईत परळला केईएम हॉस्पिटलच्या आवारात आयसीएमआरची (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद) राष्ट्रीय इम्युनोहिमॅटॉलॉजी संस्था आहे. डॉ. मनीषा मडकईकर यांनी तिथे या आजारांच्या निदानाचं काम उभं केलं. परळलाच वाडिया हॉस्पिटलमध्ये डॉ. मुकेश देसाई यांनी पेशंट बघण्याची बाजू सांभाळली. चंडीगडच्या पीजीआयमध्ये डॉ. सुरजित सिंग यांनी बालरोगातल्या इम्युनॉलॉजीचा विभाग घडवला आणि तिथे या विषयात डीएम, म्हणजे एमडीनंतरची सुपरस्पेशालिटीची पदवी, करता येतं. तुमच्यासारख्या मुलांना मी आधी तोच रस्ता सुचवते: एमडी पेडिअ‍ॅट्रिक्स, मग पीजीआयचं डीएम. जागा फार थोड्या आहेत, पण जे मिळतं ते याच आजारांचं काम. अ‍ॅलर्जीतून वाट काढत इथपर्यंत यावं लागत नाही.

अमेरिकेलाच जायचं असेल तर यूएसएमएलई (तिथली लायसन्सची परीक्षा), परदेशी पदवी तपासणाऱ्या ईसीएफएमजीचं सर्टिफिकेट, रेसिडेन्सीची जागा ठरवणारं मॅच हा क्रम तुम्हाला माहीत असेलच. जे सहसा कोणी सांगत नाही ते असं: तरुण डॉक्टर-संशोधकांना उभं करणाऱ्या एनआयएचच्या (अमेरिकेची सरकारी आरोग्य-संशोधन संस्था) बहुतेक ‘के’ ग्रँट नागरिक किंवा ग्रीनकार्डधारकांनाच मिळतात. जे-1 (एक्स्चेंज) व्हिसावर गेलात तर एकतर दोन वर्षं मायदेशी परतावं लागतं, नाहीतर सवलतीसाठी बहुधा डॉक्टर कमी असलेल्या भागात पूर्णवेळ पेशंट बघावे लागतात. म्हणजे फेलोशिपनंतर लॅबमध्ये बसायची जी वर्षं, नेमकी तीच अडकतात. माझ्या ओळखीचे हुशार लोक बोर्ड पास होऊन या टप्प्यावर संशोधनातून बाहेर पडले, आणि त्याचं मला फार वाईट वाटतं. जायचं तर हे आधी मोजून जा.

पैशांबद्दलही तुम्ही ओझरतं विचारलंय. केंद्राच्या 2021 च्या दुर्मीळ आजार धोरणात स्किडसारखे, एकदाच्या ट्रान्सप्लांटने बरे होऊ शकणारे आजार पहिल्या गटात आहेत आणि नेमलेल्या केंद्रांमधून 50 लाखांपर्यंत मदत मिळू शकते. केईएम त्यांपैकी एक. ट्रान्सप्लांटचा खर्च झेपणार नाही म्हणून निदानच करायचं नाही, हा आपल्याकडचा जुना युक्तिवाद आता चालू देऊ नका.

एमडीला लागलात की थिसिसचा विषय गाइड देतील तो मुकाट घेऊ नका. तुमच्याच वॉर्डात वर्षभरात अ‍ॅडमिट झालेल्या सहा महिन्यांखालच्या बाळांचे लिम्फोसाइट गुणाकार करून मोजायचे, कमी असतील त्यांची फ्लो सायटोमेट्री (कुठल्या प्रकारच्या पेशी किती हे मोजणारी तपासणी) परळच्या त्या संस्थेत करून घ्यायची, असा विषय मागा. संस्थेशी आधी बोलून घ्या, एथिक्स कमिटीचे कागद वेळेत करा. पुढे डीएमच्या मुलाखतीत तुमच्याकडे सांगण्यासारखं स्वतःचं काम असेल.