निकेल ऑक्साइड डीएफटीत (इलेक्ट्रॉनांच्या घनतेवरून पदार्थ सोडवणाऱ्या पद्धतीत) धातू दिसतंय, प्रत्यक्षात इन्सुलेटर आहे. माझं काय चुकतंय? आता डीएमएफटी (तिच्या पुढची, जड पद्धत) शिकू का?

इनपुट फाइल न बघताच पैज लावतो, तुम्ही स्पिन (इलेक्ट्रॉनचं स्वतःचं छोटं चुंबकत्व) बंद ठेवलाय. मग धातू दिसणारच. निकेलच्या ईजी पातळ्यांत (पाच डी ऑर्बिटलपैकी वरच्या दोन) जागा चार आणि इलेक्ट्रॉन दोन. अर्धा भरलेला बँड म्हणजे धातू, असं बँडचं साधं गणित सांगतं. ते इथे फसतं हे द बूर आणि फेरवे यांनी १९३७ मध्येच दाखवलं होतं. इलेक्ट्रॉन एका निकेलवरून दुसऱ्यावर जायचा तर तिथे आधीच बसलेले आठजण (डीमधले एकूण इलेक्ट्रॉन) त्याला आत येऊ देत नाहीत. (खरं तर तो बराचसा ऑक्सिजनमधून उठतो, पण ते सध्या राहू द्या.)

डीएमएफटी नंतर. आधी चार अणूंचा सेल घ्या, दोन निकेल आणि दोन ऑक्सिजन. क्वांटम एस्प्रेसो हे डीएफटीचं सॉफ्टवेअर वापरत असाल तर दोन्ही निकेल वेगळ्या नावांनी लिहा आणि सुरुवातीच्या चुंबकनाला एकाला अधिक, दुसऱ्याला उणे चिन्ह द्या. मी दोन्हींना अधिकच दिलं होतं आणि आठवडाभर स्यूडोपोटेन्शियलला (अणूच्या आतल्या इलेक्ट्रॉनांच्या जागी वापरतात ते) शिव्या घालत बसलो होतो.

एवढ्याने एलडीएत (डीएफटीतला साधा अंदाज) गॅप, म्हणजे भरलेल्या आणि रिकाम्या पातळ्यांमधलं अंतर, उघडतो, पण अर्ध्या इलेक्ट्रॉन-व्होल्टच्याही आत. प्रयोगातला ४ च्या आसपास आहे. मग 'प्लस यू' लावा; यू म्हणजे एकाच अणूवर बसलेल्या दोन इलेक्ट्रॉनांनी एकमेकांना ढकलण्याची ऊर्जा. अनिसिमोव्ह, झानेन आणि अँडरसन यांनी १९९१ मध्ये आणलेली युक्ती. पण गॅप जुळेपर्यंत यू पिळत बसू नका, त्याने उत्तर जुळतं, कळत काहीच नाही. कोकोचोनी आणि दे जिरोंकोली यांच्या २००५ च्या लिनिअर रिस्पॉन्स पद्धतीने यू काढता येतो, तो काढा आणि येईल तो गॅप प्रामाणिकपणे लिहा.

खरी मेख पुढे आहे. साधारण ५२५ केल्विनच्या वर चुंबकीय रचना मोडते, तरी निकेल ऑक्साइड इन्सुलेटरच राहतं. म्हणजे तुम्ही चिन्हं घालून उघडलेला गॅप मुळात चुंबकत्वाचा नव्हताच. इथे डीएमएफटी लागते: एक अणू नीट सोडवायचा, बाकीच्या स्फटिकाला इलेक्ट्रॉन देणारा-घेणारा साठा मानायचं.

सगळं एकदम अचूक का सोडवत नाही? हबर्ड मॉडेलच्या (इलेक्ट्रॉन जागांवरून उड्या मारतात, एका जागी दोघे आले की यू मोजावा लागतो) १६ जागा, प्रत्येकी एकच ऑर्बिटल, अर्ध्या भरलेल्या: सुमारे १६.५ कोटी अवस्था, एक व्हेक्टर १.३ जीबी. २० जागा केल्या की तोच व्हेक्टर २७० जीबीच्या वर. तुमच्याकडे तर डीच्या पाच ऑर्बिटल आहेत.

डीएमएफटीचा कोड उतरवण्याआधी एक संध्याकाळ काढून दोन जागांचा हबर्ड हाताने सोडवा. चार बाय चारचं मॅट्रिक्स आहे फक्त. यू मोठा केलात की उलट स्पिनची जोडी सुमारे ४टी²/यू ने (टी म्हणजे उडी मारण्याची ऊर्जा) खाली उतरते. फाइलमध्ये हाताने घातलेली ती अधिक-उणे चिन्हं तिथे आपोआप येतात.

आणि ती चुंबकनाची ओळ इथे टाका, बघतो.