एक्कावन्न हजाराचं बी

प्रिय बेटा,

सलाम.

त्या देणगीसाठी पर्सनल लोन काढू नको. हे आधीच सांगून टाकते, कारण तुझी घाई मला माहीत आहे, ॲपवर अप्रूव्ह झालं की तू पत्र अर्धवट सोडून ओके दाबशील. आता बाकीचं निवांत वाच.

तू लिहिलं की प्रार्थनेच्या कन्व्हेन्शनमध्ये त्या प्रचारक ब्रदरने स्टेजवरून सांगितलं, एक्कावन्न हजाराचं बी पेरा, म्हणजे तेवढी देणगी द्या, शंभरपट परत येईल, आणि ज्याचा हात खिशाकडे जात नाही त्याचा विश्वास कच्चा. तुला मिहानमधली नोकरी पर्मनंट व्हायला पाहिजे, बहिणीची फी भरायची आहे, वर्धा रोडला टू बीएचके पाहिजे. पाहिजे तर पाहिजे, त्यात पाप कुठून आलं? मी काही गरिबीचे गोडवे गाणारी नाही बाप्पा. बायबलमधली लुदिया जांभळं कापड विकायची, चांगला धंदा होता तिचा. अरिमथाईचा योसेफ श्रीमंत होता आणि त्याचीच नवी कबर प्रभूच्या कामी आली. संपत्ती मिळवायची शक्ती देव देतो हे बायबलच्या अनुवाद नावाच्या पुस्तकात आठव्या अध्यायात सरळ लिहिलंय. तेव्हा माझं भांडण पैशाशी नाहीच, त्या ब्रदरच्या हिशेबाशी आहे, आणि दुसऱ्यांचे हिशेब तपासण्यातच माझी सगळी नोकरी गेली.

तो शंभरपटीचा दाखला मार्कच्या शुभवर्तमानातून, अध्याय ४ मधून काढून राहिला ना, तर तोच अध्याय पुरा वाच. तिथलं बी म्हणजे पैसा नाही, वचन आहे, लूक ८:११ मध्ये प्रभूने स्वतः अर्थ सांगितला. आणि त्याच दाखल्यात काटेरी झुडपं आहेत जी वाढून पीक दाबून टाकतात, त्यात काय काय येतं बघ, १९ वी ओवी, द्रव्याचा मोह! म्हणजे ज्या गोष्टीने पीक मरतं तीच हा माणूस पीक म्हणून विकून राहिला. दुसरीकडे मार्क १०:३० मध्ये शंभरपट आहे खरं, पण त्याच ओळीत छळ पण लिहिलाय, तो स्टेजवरून कोणी वाचत नाही. आणि विदर्भातल्या लोकांसमोर बी पेरल्यावर पीक येणारच असं बोलायची हिंमत होतेच कशी? तुझ्या आजोबांना विचार, मृगाच्या पावसावर कापूस लावला, मग पावसाने दडी मारली, दुबार पेरणी केली, बियाण्याचं कर्ज डबल झालं. त्यांचा विश्वास काय कमी होता का? रोज पहाटे गुडघ्यावर असायचे ते.

ही शिकवण आपल्या बापजाद्यांकडून आलेली नाही हेही समजून घे. अमेरिकेत ओरल रॉबर्ट्स नावाच्या प्रचारकाने १९५० च्या दशकात दिलं की कित्येक पटीने परत येतं असं शिकवलं, १९७० च्या सुमारास त्यालाच बी म्हणायला लागला, केनेथ हेगिन वगैरे प्रचारकांनी विश्वासाने बोललं की मिळतं याचं पूर्ण शास्त्रच केलं, टीव्हीने ते जगभर नेलं. बेनी हिन तर याच लाईनीतला मोठा माणूस, पण २०१९ मध्ये त्यानेच जाहीर बोलून टाकलं की हजार डॉलर द्या असं म्हणणं प्रभूचा अपमान आहे, सुवार्ता विकायला ठेवलेली नाही.

आपल्या नागपूरचंच बघ ना. ज्यांच्या नावाने हिस्लॉप कॉलेज आहे ते मिशनरी स्टीफन हिस्लॉप १८४५ ला इथे आले, शाळा काढली, गोंड लोकांच्या कथा गोळा केल्या, दगड-जीवाश्म अभ्यासले, आणि १८६३ मध्ये टाकळघाटहून घोड्यावर परत येताना पुराच्या पाण्यात बुडून गेले, पन्नाशी पण गाठली नाही. नारायण वामन टिळकांना नागपूर-राजनांदगाव गाडीत कोणी नवा करार दिला, १८९५ ला बाप्तिस्मा घेतला आणि त्याबरोबर घर तुटलं, लक्ष्मीबाई कित्येक वर्षं लांब राहिल्या. त्या ब्रदरच्या फॉर्म्युल्यात हे दोघं कुठे बसवायचे?

आता आईचं. तू एका ओळीत लिहून पुढे गेलास पण मी तिथेच अडकले. देवाने बरं केलं अशी साक्ष द्यायची म्हणून शुगरच्या गोळ्या बंद केल्या? आज रात्रीच सुरू करायला लाव आणि उद्या डॉक्टरकडे घेऊन जा. प्रार्थनेने बरं होतं यावर माझा विश्वास आहे, पण प्रेषित पौलाने आपल्या शिष्याला, तीमथ्याला, पोटासाठी थोडा द्राक्षारस घे असं सांगितलं आणि सोबतच्या त्रफिमला आजारी म्हणून मिलेत गावात ठेवून पुढे गेला. विश्वास वाढव रे, असं कुठे म्हटलं त्याने? गोळी खाणं म्हणजे शंका घेणं असं ज्याने आईला शिकवलं त्याचा मला खरंच राग आहे.

विधवेने मंदिराच्या पेटीत टाकलेल्या दोन टोल्यांचं, म्हणजे अगदी लहान नाण्यांचं, पण त्या ब्रदरने सांगितलं असेल, ते सांगतातच. ते लूक २१ च्या सुरुवातीला आहे, पण अध्यायांचे आकडे नंतरचे, म्हणून वीसाव्याच्या शेवटापासून वाच. प्रभू शास्त्र्यांबद्दल म्हणतात की हे विधवांची घरं खाऊन टाकतात, लगेच ती बाई येऊन सगळं टाकते, आणि लगेच मंदिराचा दगडावर दगड राहणार नाही असं म्हणतात. तिच्या मनाचं कौतुक आहेच, पण पेटी घेऊन बसलेल्यांना ती ओवी दाखवून वसुली करायचं लायसन्स मिळत नाही.

मग द्यायचं नाही का? द्यायचं, भरपूर द्यायचं. मलाखी ३ मधला दशांश, म्हणजे कमाईचा दहावा भाग, भांडारात अन्न असावं म्हणून होता, आणि अनुवाद १४ प्रमाणे दर तिसऱ्या वर्षी तो लेवी म्हणजे मंदिराचे सेवक, परदेशी, अनाथ, विधवा यांनी पोटभर खावं म्हणून गावातच ठेवायचा. तुझ्या पगारातून जमेल तेवढं मनात ठरवून दे, २ करिंथ ९:७ तेच म्हणतं, संतोषाने, कोणी भाग पाडलं म्हणून नाही. बहिणीची फी दानापेक्षा वेगळी समजू नको, घरच्यांची तरतूद न करणाऱ्याला पौलाने १ तीमथ्य ५:८ मध्ये फार कडक शब्द वापरलेत. माझी आवडती प्रार्थना नीतिसूत्रं ३० मधली आहे, आगूरची, गरिबी नको आणि श्रीमंती पण नको, रोजच्यापुरतं दे. ती कधी बॅनरवर येत नाही, तिने हॉल भरत नाही ना.

ब्रदरला एक प्रश्न नक्की विचार, भांडून नाही, हात जोडून. पौल यरुशलेमच्या गरिबांसाठी पैसे गोळा करत होता तेव्हा २ करिंथ ८ मध्ये तो आपल्या सहकारी तीताबरोबर मंडळ्यांनी (चर्चनी) निवडलेला माणूस पाठवतो, कोणी बोट ठेवू नये म्हणून. आपल्या पास्टोरेटच्या, म्हणजे चर्चच्या, खात्याला पण दोन सह्या लागतात, ऑडिट होतं, कंटाळवाणं असतं पण होतं. तर विचार त्याला, ब्रदर, तुमच्या ट्रस्टचा मागच्या वर्षीचा ऑडिट झालेला हिशेब बघायला मिळेल का, आणि पैसा कोणाच्या सहीने निघतो. काय उत्तर येतं ते मला जसंच्या तसं कळव, गाळू नको.

फीचं किती कमी पडतंय तो आकडा पण पाठव, रविवारी उपासनेनंतर बसून बघू काय करता येतं. आईला सलाम, आणि तिच्या फास्टिंग शुगरचा रिपोर्ट आला की फोटो टाक.

तुझी,
आंटी